आदामाचं वाकडं नाक

ब्रिस्टल, २ मे १७१२

लाडकी आत्या,

तुझ्या ‘तीन नाल’ गुत्त्याच्या भिंतीसाठी तू मागितलेला थाळा आजच्या गाडीने पाठवतेय. पेंढ्यात घट्ट बांधलाय. कृपा करून सुरी घालू नकोस, मागच्या खेपेला दुधाच्या भांड्याचा कान तूच उडवला होतास आणि दोष गाडीवानावर ढकलला होतास.

तू सांगितलंस तसंच सगळं आहे. मधोमध झाड, झाडाला वेटोळं घातलेला साप, एका बाजूला आदाम, दुसऱ्या बाजूला हव्वा, आणि काठाला चहूबाजूंनी निळे फटकारे. बाबा म्हणतात, आता शहरात असलं कोणी घेत नाही, सगळ्यांना चिनी पूल आणि चिनी छत्र्या पाहिजेत. मी म्हटलं, आत्याच्या गिऱ्हाइकांना चिनी पुलावरून कुठे जायचंय? त्यांना आदामच बरा.

आता आदामाबद्दल थोडं. त्याचा चेहरा मी मनाने काढलाय. अगदी मनानेच. नाक जरा डावीकडे वळलंय, ते कुंचला वळला म्हणून. तुला माहीत आहे, आमच्याकडे भांड्यावरचा कच्चा पांढरा लेप टीपकागदासारखा रंग पितो, एकदा रेघ टेकली की टेकली. उजव्या भुवईत फट दिसते तीसुद्धा अशीच पडली. तेव्हा कोणी म्हणालंच की हा अमक्यासारखा दिसतो, तर तू हसून सोडून दे.

बाकी गावात सगळे कसे आहेत? पाद्रीबुवांचा गुडघा काय म्हणतो? आणि तो गाड्यांची चाकं बनवणारा, काय बरं नाव त्याचं, हंफ्री टोव्ही का कोण, तो बरा आहे ना? मला काही पडलेलं नाही. गेल्या हिवाळ्याआधी सफरचंदं पिळायला आले होते तेव्हा त्याने मला गाडीवर चढायला हात दिला होता, म्हणून आपलं माणुसकीच्या नात्याने विचारलं. त्याचं कुठे लग्नबिग्न ठरलंय का? हेही माणुसकीच्या नात्यानेच.

तुझी,
डॉर्कस


ब्रँबलकोम, १० मे

अगं डॉर्कस, अगं चेटकिणे!

काय करून बसलीस तू! थाळा चुलाण्याच्या वर टांगला, चांगला दोन पावलं मागे येऊन पाहिला, आणि मनात म्हटलं, या बाबाला मी कुठे तरी उधार दारू दिलीय. पण नाव काही आठवेना. परवा संध्याकाळी गुत्ता भरला. पिंपं बनवणारा सायलस हॉब्ज हातात मग घेऊन त्या थाळ्यासमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग मागे वळून म्हणाला, “हंफ्री, लेका, तुझे कपडे कुठे गेले?”

झालं! सगळा गुत्ता उठून थाळ्याखाली. तेच वाकडं नाक, तीच फाटकी भुवई. कोणी हंफ्रीची हनुवटी धरून त्याला दिव्याकडे वळवतंय, कोणी त्याला सफरचंद हातात धरायला सांगतंय. भिंतीवरचा हंफ्री निळा आणि खालचा हंफ्री कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मी हसून हसून सांडशीवर बसले, अजून दुखतंय.

मग प्रश्न निघाला, की हा जर हंफ्री तर ही हव्वा कोण? आणि एकदम दहा तोंडांतून एकच नाव आलं. पाणचक्कीवाल्या व्हाउल्सची पेशन्स! गोल चेहरा, एवढंसं तोंड, पाठीवर मोकळे सोडलेले केस. आता तू म्हणशील, पेशन्सने केस मोकळे सोडलेले कोणी पाहिलेत? तेच तर! कोणीच पाहिले नाहीत, त्यामुळे नाही म्हणणार कोण?

पोरी, तुला म्हणून सांगते, या दोघांची जोडी जमवायचं माझ्या डोक्यात केव्हापासून होतं. दोघंही कामसू, दोघंही घुमे. कोणी ढकलल्याशिवाय हलणारी नव्हेत. आणि तू इतक्या लांबून ढकललंस! व्हाउल्स मात्र तणतणत आला होता. “माझी मुलगी अंगावर अंजिराचं एक पान तेवढं घेऊन दारूच्या गुत्त्यात टांगलीय,” म्हणाला, “आता एक तर तो टोव्ही तिच्याशी लग्न करेल, नाही तर मी हा गुत्ता पेटवून देईन.” मी त्याला एक मोठा मग पाजला, तेव्हा कुठे गुत्ता पेटवायचं रद्द झालं. लग्नाचं तेवढं राहिलं.

तर तुझ्या माणुसकीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्याचं कुठे ठरलं नव्हतं. आता ठरेल, तुझ्या कृपेने.

आनंदाने वेडी झालेली,
टॅमझिन आत्या


ब्रिस्टल, १४ मे

आत्या, थांब! काही ठरवू नकोस! कोणाला मग पाजू नकोस!

ती पेशन्स नाही. ती कोणीच नाही. ती कागद आहे.

नीट ऐक. आमच्याकडे हव्वा हाताने काढतच नाहीत. आजोबांनी कुठल्याशा जुन्या छापील चित्रावर कागद ठेवून सुईने बारीक बारीक भोकं पाडली होती. तो कागद थाळ्यावर धरायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, कागद उचलला की खाली ठिपक्यांची हव्वा. ठिपक्यांवरून कुंचला फिरवला की झाली बाई तयार. माझ्या जन्माआधीपासून या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक हव्वेचं तोंड तेच आहे. पेशन्स व्हाउल्स तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हती!

त्याच कागदावर आदामही होता, पण त्याच्या बाजूला कोणी तरी चीज खाऊन हात पुसला असावा, कारण उंदरांनी आदामाचं डोकं खाल्लं. तेव्हापासून आदामाचं तोंड ज्याचं तो काढतो. म्हणून माझा आदाम मनाने निघाला. समजलं का?

तू सांगून व्हाउल्सला पटणार नाही, म्हणून पुरावाच पाठवतेय. कडेला फुगे आलेले, विकायला न गेलेले आणखी पाच थाळे फळीवर होते, ते सगळे या गाडीत घातलेत. काही मी रंगवलेले, काही बाबांनी. सगळ्यांवर हीच हव्वा आहे. सगळे भिंतीवर ओळीने लाव आणि व्हाउल्सचा कान धरून त्याला दाखव, की बघ, ही बाई गिरणीतल्या पिठासारखी आमच्याकडे पोत्याने निघते.

आणि जाता जाता, हंफ्रीला तो थाळा आवडला का? नाकाबद्दल काही म्हणाला? म्हणजे कारागिराला आपल्या कामाबद्दल चार शब्द ऐकावेसे वाटतात, तेवढंच.

घाईत,
डॉर्कस


ब्रँबलकोम, २ जून

डॉर्कसबाई,

तुझा पुरावा पोचला. सांगितल्याप्रमाणे ओळीने लावला. आता परिणाम ऐक.

हव्वा सगळीकडे तीच आहे हे अगदी खरं. पण बाई, आदाम सहा आहेत! त्यातला एक, ती दुहेरी हनुवटी पाहा, आमचे पाद्रीबुवा. एक सायलस हॉब्ज, दात पुढे आलेले, तंतोतंत. एक तुझ्या बाबाने काढलेला दिसतो, कारण तो हुबेहूब आमचे हे, देव त्यांना शांती देवो. मी त्या थाळ्याकडे पाठ करून दारू ओतते, तरी मापात हात आखडला की मानेवर नजर जाणवते. उरलेल्या दोघांवरून अजून भांडणं चालू आहेत. म्हणजे गावाचा हिशेब असा झाला, की पेशन्स व्हाउल्स सहा पुरुषांबरोबर सफरचंद खात बसली आहे, त्यातला एक मेलेला आणि एक पाद्री!

मी कागदाचं सांगितलं. भोकांचं सांगितलं. उंदरांचंही सांगितलं. उंदरांवर तर सगळे इतके हसले की पुढचं कोणी ऐकलंच नाही. शेजारच्या तीन गावांतून लोक बघायला येतात, येताना तहानलेले असतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. पेशन्स स्वतः रोज संध्याकाळी विणकाम घेऊन थाळ्यांखाली येऊन बसते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी तिच्याकडे बघतंय, तिला मजा वाटते. व्हाउल्सला मात्र झोप नाही.

आणि आता खरी बातमी. हंफ्री एक दिवस दुपारी एकटाच आला. टोपी हातात. पहिल्या थाळ्यासमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, “बाई, हा तुमच्या भाचीनेच काढला ना? भुवईची फट तिने कधी पाहिली? ती तर केसांखाली असते.” मी म्हटलं, “अरे कसलं काय, तिने मनाने काढलाय. तसं तिने लिहिलंच होतं. तिला तर तुझं नावसुद्धा धड आठवत नव्हतं, ‘हंफ्री टोव्ही का कोण’ म्हणाली.” तो “असं होय” म्हणाला, टोपी घातली आणि गेला. दुसऱ्या दिवशी व्हाउल्सला जाऊन सांगितलं, की माझ्यापायी कोणा मुलीचं हसं व्हायला नको, मी तिच्याशी लग्न करतो. काय सोन्यासारखा मुलगा!

काल रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी लग्नाचा पहिला पुकारा केला. अजून दोन रविवार, दोन पुकारे, कोणी हरकत घेतली नाही की लग्न पक्कं. केकची अंडी मी आत्तापासून लपवून ठेवतेय.

तेव्हा आता तुझ्याकडे काम. जोडीची थाळी पाहिजे, रीतीप्रमाणे. वर आडनावाचं अक्षर, टोव्हीचा टी. खाली डावीकडे नवऱ्याचा एच. उजवीकडे बायकोचा पी. त्याखाली साल. भोवती चिमण्या काढ, त्या तुला छान जमतात. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आधी पाठव, चर्चमधून आल्यावर सगळ्यांसमोर देईन म्हणते.

तुझीच,
आत्या


ब्रिस्टल, १२ जून

आत्या,

थाळी पाठवली आहे. उघडून बघ आणि मग हे वाच.

वरचा टी बरोबर आहे. डावीकडचा एच बरोबर आहे, तो मी इतका जपून काढला की त्याला शेपटीसुद्धा फुटली. मग उजवीकडे पी काढायला कुंचला बुडवला, टेकवला, आणि डी निघाला. डॉर्कसचा डी.

हात घसरला असं मी म्हणणार नाही. गेले सहा आठवडे मी तुला जे लिहितेय त्यातलं निम्मं खोटं आहे आणि तुला ते दिसलं कसं नाही याचं मला नवल वाटतं. सगळ्या मुलुखाची लग्नं जुळवतेस तू! मला त्याचं नाव आठवत होतं. मला त्याचं नाव, त्याचं नाक, त्याची टोपी, त्याच्या तिन्ही सदऱ्यांचा रंग आठवत होता. गाडीवर चढायला त्याने हात दिला आणि मी वर चढल्यावरही सोडला नाही, तेव्हा वाऱ्याने केस उडून ती भुवईची फट दिसली. परत येतानाच्या रस्त्यावर मला एकही झाड दिसलं नाही, आत्या. मला तो आवडतो. आवडतो म्हणजे, मी चिनी माणूस काढायला बसले तरी त्याचं नाक वाकडं निघतं. बाबा परवा ओरडले, या चिनी लोकांना मारामारीशिवाय उद्योग नाही का?

सरळ सांगायची लाज वाटली, म्हणून मी थाळ्यावर सांगितलं, आणि थाळ्याने त्याला दुसरीच बायको करून दिली. आणि वर तू त्याला सांगितलंस की मला नाव आठवत नव्हतं! आत्या! मी रागावलेली नाही, मी फक्त गाडग्यात तोंड घालून ओरडले, एकदाच.

थाळी भट्टीत जायच्या आधी तो डी कळकट राखाडी दिसत होता. तेव्हा वाटलं असतं तर सगळा लेप खरवडून, पुन्हा पांढऱ्या पाण्यात बुडवून नव्याने काढता आलं असतं. मी सुरी घेऊन बसलेही होते. मग बाबा भट्टी भरायला आले. थाळीकडे पाहिलं, म्हणाले, “त्या टोव्हीची बायको पीची ना?” मी म्हटलं, “हो.” म्हणाले, “मग हे काय?” मी नाक तेवढं ओढलं. त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि थाळी भट्टीच्या अगदी मधल्या जागी लावली, जिथे निळा रंग सगळ्यांत चांगला उतरतो. ती जागा ते मेयरच्या भांड्यांसाठी ठेवतात.

आता तो डी चांगला निळाभोर उठलाय. तू ही थाळी लपव, फोड, तिच्यावर मांजराला दूध घाल, काय करायचं ते कर. पेशन्सचं वाईट मला नको आहे. तिची थाळीही मी काढून देईन, चिमण्यांसकट. मला फक्त एकदा, कुठे तरी, ते अक्षर त्या अक्षराशेजारी बघायचं होतं.

डॉर्कस


ब्रँबलकोम, १५ जून, रविवार संध्याकाळ

माझ्या मूर्ख, गाढव, लाडक्या पोरी,

थाळी काल रात्री आली. मी पत्र वाचलं, मग स्वतःला आरशात पाहिलं आणि काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी! जिने या खोऱ्यात अकरा लग्नं जमवली! स्वतःच्या भाचीच्या पत्रातलं ‘माणुसकी’ मला दिसू नये!

आज तिसरा पुकारा. मी थाळी शालीखाली धरून पुढच्या बाकावर बसले. पाद्रीबुवांनी नावं वाचली, आणि म्हणाले, “कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी.” आणि मी उभी राहिले. सबंध चर्चमध्ये बाकं करकरली.

“माझी आहे,” मी म्हटलं.

पाद्रीबुवा म्हणाले, “टॅमझिन, खाली बस. हरकत म्हणजे नातं आड येत असेल, किंवा आधीच कोणाशी बांधला गेला असेल, तर.”

“तेच म्हणतेय मी,” म्हटलं, आणि थाळी वर धरली. “हे भाजून आलंय बुवा. आता कोणाच्या बापाला बदलता यायचं नाही.”

त्यांनी चष्मा लावला. “टी. एच. डी.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, “डी म्हणजे?”

मी बोलणार इतक्यात मागून खिळ्यांच्या बुटांचा आवाज आला. हंफ्री उठून बाकांमधून चालत आला, माझ्या हातातून थाळी घेतली, त्या डीवर अंगठा फिरवला, जसा तो चाकाच्या आऱ्यावरून फिरवतो ना, खडबडीत आहे का बघायला. “हे तिने काढलं?” म्हणाला. मी म्हटलं, “तिनेच. आणि त्या थाळ्यावरचा तूही मनाने निघालेला नाहीस. नाव विसरले म्हणणारी ती खोटी आणि ते तुला येऊन सांगणारी मी गाढव.” तर तो माणूस देवाच्या घरात, सगळ्या गावासमोर, मोठ्याने हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आजवर त्याला हसताना मी पाहिलंच नव्हतं. हसला की नाक सरळ होतं त्याचं, तुला माहीत आहे का?

मग तो पेशन्सकडे वळला आणि गंभीर झाला. म्हणाला, “मी शब्द दिलाय. तू म्हणशील तर पाळेन.”

पेशन्स उठली. “मला वाटलं कोणी विचारतच नाही,” म्हणाली. “हंफ्री, तू भला माणूस आहेस, पण दोन आठवड्यांत तू माझ्याशी पावसाशिवाय काही बोलला नाहीस. थाळ्यांखाली मी काय तुझ्यासाठी बसत होते? मी तिसऱ्या थाळ्याखाली बसत होते.” तिसऱ्या थाळ्यावर कोण, तर सायलस हॉब्ज! तो मागच्या बाकावरून असा ताडकन उठला की त्याची टोपी पाद्रीबुवांच्या बहिणीच्या मांडीत पडली. “मला काय माहीत!” म्हणाला. ती म्हणाली, “रोज एकाच खुर्चीवर बसते मी, डोळे नाहीत का तुला?” व्हाउल्सने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हिशेब करून विचारलं, की पिठाची पिंपं आता फुकट मिळतील का. पाद्रीबुवा म्हणाले, की पुकारे पहिल्यापासून करावे लागतील, आणि यापुढे माझ्या गुत्त्यात काय टांगायचं ते आधी त्यांना विचारायचं. विशेषतः दुहेरी हनुवटीच्या बाबतीत.

केक मी सायलसला आणि पेशन्सला देऊन टाकतेय. अंडी अजून आहेत, दुसरा होईल.

आता महत्त्वाचं. हे पत्र मी गाडीवानाकडे देत नाही. हंफ्री उद्या पहाट फुटायच्या आत पायी निघणार आहे आणि हे त्याच्याकडेच देतेय. मी त्याला बजावलंय, की तिने शेवटपर्यंत वाचेस्तोवर तोंड उघडायचं नाही, कारण मला जे सांगायचंय ते मध्ये तोडलेलं मला चालत नाही. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा तो तुझ्या समोर, कारखान्याच्या दारात, टोपी चुरगाळत उभा आहे. त्याला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे, पण ते त्याच्याच तोंडून ऐक. आणि यावेळी माणुसकीबिणुसकी काही बोलू नकोस, सरळ हो म्हण.

पण आधी त्याला आत घे आणि काही तरी खायला घाल. मी दिलेली भाकर आणि चीज त्याने इथल्या इथेच कुत्र्याला घातलं. म्हणाला, “बाई, आज घशाखाली काही उतरायचं नाही.”

तुझी आत्या